दोन मॉनिटरसाठी स्वस्त ग्राफिक्स कार्ड: आधी पोर्ट मोजा, मग जीबी

दोन मॉनिटर लावायचे आहेत म्हणून कार्ड हवे आहे, असे दुकानात सांगितले की समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती जीबीचे देऊ?" म्हणजे कार्डावर मेमरी किती हवी. गिऱ्हाईकही "चार जीबीचे द्या" म्हणून मोकळे होते. वास्तविक दोन पडद्यांवर टॅली, एक्सेल, ब्राउझर, कोरलड्रॉ किंवा फार तर एखादा चित्रपट चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. हिशेब करून पाहा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर एका पडद्याचे पूर्ण चित्र साधारण ८.३ एमबीत मावते. दोन पडद्यांचे झाले १६.६ एमबी. चित्र तुटक दिसू नये म्हणून एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती तयार ठेवाव्या लागतात, त्या धरून ५० एमबी म्हणू. उघड्या खिडक्या आणि ब्राउझर मिळून त्यावर आणखी काहीशे एमबी घेतात. एवढ्या कामाला २ जीबीचे कार्ड पुरून उरते.

विचारायला हवेत ते प्रश्न निराळे आहेत. कार्डाच्या मागच्या पट्टीवर कोणते पोर्ट आहेत, त्यांतले एका वेळी किती चालतात, आपल्या मॉनिटरच्या मागे त्यांच्या जोडीची तोंडे आहेत का, आणि आपल्या कॅबिनेटमध्ये व एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीवर) ते कार्ड निभेल का, या चार गोष्टी कळल्या की निवड बरीचशी आपोआप होते. पुढील विवेचन कार्यालयीन काम, अभ्यास, डीटीपी, शेअर बाजाराचे आलेख अशा वापरासाठी आहे. नवे गेम खेळणाऱ्याचे गणित वेगळे असते आणि त्याची किंमतही वेगळी असते.

कार्ड खरोखर लागते का, हे आधी पाहा

माझी आतेबहीण घरून हिशेबाची कामे करते. एका पडद्यावर टॅली आणि दुसऱ्यावर जीएसटीचे पोर्टल, एवढीच तिची गरज होती. "दादा, दहा हजारांत कोणते कार्ड बसेल?" असे तिने विचारले, तेव्हा मी तिला संगणकाच्या पाठीमागचा फोटो पाठवायला सांगितला. तिचा संगणक म्हणजे कार्यालयातून निवृत्त होऊन बाजारात आलेला डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० होता. त्यात चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर होता आणि मागे एक व्हीजीए व दोन डिस्प्लेपोर्ट होते. तिचा जुना मॉनिटर व्हीजीएवर चालूच होता. नव्या मॉनिटरला एचडीएमआय होते. काही शे रुपयांची डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल आणली आणि काम झाले. कार्डासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तिने एसएसडी घेतली आणि तो खर्च कितीतरी अधिक सार्थकी लागला.

अशी स्थिती अनेक घरांत असते, कारण इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स, म्हणजे वेगळ्या कार्डाविना पडदे चालवण्याची सोय, असते आणि २०१२मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून ते एका वेळी तीन पडदे सांभाळू शकते. त्याआधीच्या दुसऱ्या पिढीतही दोन पडदे चालतात. अडचण प्रोसेसरची नसून मदरबोर्डावर बाहेर काढलेल्या तोंडांची असते. स्वस्त मदरबोर्डावर पुष्कळदा व्हीजीए आणि एचडीएमआय अशी एकेक जागा असते, आणि तेवढ्यावर दोन मॉनिटर चालतात. काहींवर मात्र केवळ व्हीजीए असते. तेव्हा कार्डाला पर्याय नसतो.

प्रोसेसरच्या नावाचे शेवटचे अक्षरही पाहून घ्यावे. इंटेलच्या क्रमांकाअखेर 'एफ' असेल, जसे आय३-१०१००एफ किंवा आय५-१२४००एफ, तर त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स नाही. मदरबोर्डावर एचडीएमआयचे तोंड दिसत असले तरी त्यातून काही येणार नाही. एएमडीच्या रायझन ५६०० मध्येही ते नाही, ५६००जी मध्ये आहे. एएम५ सॉकेटच्या रायझन ७००० मालिकेत ७५००एफ सारखे अपवाद वगळता छोटे ऑनबोर्ड ग्राफिक्स दिलेले असते आणि दोन पडद्यांना ते भरपूर आहे.

ऑनबोर्ड ग्राफिक्स संगणकाच्याच रॅममधून जागा घेते, म्हणून ४ जीबी रॅमच्या यंत्रावर दोन पडदे जोडल्यास ते अडखळते. अशा वेळी दोष ग्राफिक्सच्या माथी मारला जातो आणि कार्ड विकत घेतले जाते. ४ जीबीची आणखी एक रॅमपट्टी त्याहून स्वस्तात तोच त्रास दूर करते. आणखी एक आडमुद्दा येथेच सांगतो. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. चौथ्या पिढीच्या यंत्रात दहा हजारांचे कार्ड घालण्याआधी ते यंत्र आपण आणखी किती वर्षे वापरणार आहोत, हे स्वतःला विचारावे.

मॉनिटरची तोंडे आणि केबलची दिशा

कार्ड घ्यावेच लागणार असे ठरले, की दोन्ही मॉनिटर उलटे करून त्यांच्या मागची तोंडे कागदावर लिहून घ्यावीत. सोबत प्रत्येक मॉनिटरचे रिझोल्यूशन (आडवे-उभे ठिपके) आणि तो किती हर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तेही लिहावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण चुकीची खरेदी बहुधा याच टप्प्यावर होते. माझीही एकदा झाली.

काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या कार्यालयात व्हीजीए तोंडाचा जुना पण उत्तम स्थितीतला मॉनिटर दुसरा पडदा म्हणून लावायचा होता. नव्या कार्डावर एचडीएमआय आणि पांढरे डीव्हीआय अशी दोन तोंडे होती. माझ्या खणात डीव्हीआय ते व्हीजीएचा छोटा जोड कधीचा पडून होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात तो जोड कार्डात जाईना. दुकानात फोन केला तर "पिन थोडी दाबून बसवा" असा सल्ला मिळाला, आणि तो ऐकून मी एक पिन वाकवून घेतली. नंतर विजेरीच्या उजेडात दोन्ही तोंडे शेजारी धरून पाहिली तेव्हा उलगडा झाला. जोडावर एका बाजूला चपटे पाते होते आणि त्या पात्याच्या वर-खाली दोन-दोन अशा चार सुट्या पिना होत्या. कार्डावरच्या तोंडात पात्याची खाच होती, पण त्या चार पिनांसाठी छिद्रेच नव्हती. त्या चार पिनांतूनच जुना अ‍ॅनालॉग संकेत जातो. चार छिद्रे असलेले डीव्हीआय म्हणजे डीव्हीआय-आय आणि नसलेले ते डीव्हीआय-डी. कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने पास्कल घराण्यापासून (चिपच्या पिढीपासून), म्हणजे जीटीएक्स १० मालिका आणि जीटी १०३० यांपासून, कार्डातून अ‍ॅनालॉग संकेत काढून टाकला आहे. तेव्हा अशा कार्डावर व्हीजीए मॉनिटर चालवायचा, तर संकेताचे रूपांतर करणारी चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो काही शे रुपयांत मिळतो आणि फुल एचडीपर्यंत बरा चालतो. अक्षरे किंचित मऊ दिसतात, हे मात्र गृहीत धरावे. वाचनाचे मुख्य काम ज्या पडद्यावर असेल, त्याला हा मार्ग वापरू नये.

डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय यांच्यातल्या केबलला दिशा असते, ही गोष्ट खोक्यावर क्वचितच ठळक लिहिलेली असते. कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल, तर साधी स्वस्त केबल चालते, कारण बहुतेक कार्डांचे डिस्प्लेपोर्ट गरजेप्रमाणे एचडीएमआयचाच संकेत बाहेर पाठवू शकतात. उलट बाजूने, म्हणजे कार्डाकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे केवळ डिस्प्लेपोर्ट असेल, तर तीच केबल उलटी लावून काही होत नाही. त्यासाठी यूएसबीवरून वीज घेणारा महागडा कन्व्हर्टर लागतो. अशा वेळी कार्ड बदलून घेणे बरे.

रिझोल्यूशनबाबत थोडे गणित ठेवावे लागते. फुल एचडी ६० हर्ट्झला सेकंदाला १४.८५ कोटी ठिपके पाठवावे लागतात आणि साध्या, सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६.५ कोटी आहे, म्हणून ते तेवढ्यात भागते. २५६० गुणिले १४४० च्या पडद्याला ६० हर्ट्झसाठी सुमारे २४ कोटी लागतात. सिंगल लिंक डीव्हीआय येथे हात टेकते, पण एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४ कोटी असल्याने ते चालते. ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या, पडद्याला ६० हर्ट्झसाठी ५९.४ कोटी लागतात. ते एचडीएमआय १.४ च्या आवाक्याबाहेर आहे, त्यामुळे अशा पोर्टावर ४के पडदा ३० हर्ट्झवर अडकतो आणि माऊसचा बाण ओढल्यासारखा सरकू लागतो. ४के मॉनिटर आज नसला तरी पुढे घेण्याचा विचार असल्यास कार्डावर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ व त्यापुढचे असल्याची खात्री करावी. दोन्ही मॉनिटर फुल एचडी असतील, तर हा परिच्छेद विसरलात तरी चालेल.

कॅबिनेट उघडा, एसएमपीएसवरचा कागद वाचा

कंपनीचे ब्रँडेड छोटे संगणक सेकंडहँड बाजारात मोठ्या प्रमाणावर येतात, आणि त्यांचे कॅबिनेट अर्ध्या उंचीचे असते. त्यात नेहमीच्या उंचीचे कार्ड बसतच नाही. लो प्रोफाइल कार्ड लागते आणि त्याच्या खोक्यात छोटी पट्टी दिलेली असावी लागते. कार्ड लो प्रोफाइल आहे, पण खोक्यात पट्टी मोठीच आहे, असेही होते, म्हणून खोके दुकानातच उघडून पाहावे. स्लॉटच्या शेजारी किती जागा मोकळी आहे, हेही मोजावे, कारण कित्येक कार्डांचा पंखा शेजारचे दुसरे घरही व्यापतो.

विजेचे गणित अधिक काळजीने करावे. मदरबोर्डाचा ग्राफिक्सचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देण्यासाठी बनवलेला असतो. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची स्वतंत्र वायर द्यावी लागते. आपल्या कामासाठी अशा वायरची गरज असलेले कार्ड घेण्याचे कारणच नाही. परंतु ७५ वॅटही प्रत्येक एसएमपीएसला झेपतात असे नाही. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० असा मोठा आकडा छापलेला असतो, त्याकडे दुर्लक्ष करून बाजूच्या कोष्टकात +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. समजा तेथे १४ अँपिअर लिहिले आहेत, तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट हीच त्याची खरी ताकद. प्रोसेसरला ६५ वॅट आणि मदरबोर्ड, डिस्क व पंख्यांना मिळून ४० वॅट धरले, तर उरतात ६३. त्यावर ३० वॅटचे कार्ड निवांत चालेल, ५० वॅटचे काठावर चालेल, आणि ७५ वॅटचे कार्ड घातल्यास एखाद्या दिवशी काम ऐन रंगात आले असताना संगणक बंद पडेल.

आता कार्डे

बाजारातले सर्वांत स्वस्त नवे कार्ड बहुधा जीटी ७१० असते. साधारण साडेतीन-चार हजारांच्या आसपास ते मिळते, १९ वॅटच वीज घेते, पंख्याशिवायचेही मिळते आणि त्यावर व्हीजीए, डीव्हीआय व एचडीएमआय अशी तिन्ही तोंडे सहसा असतात. या यादीमुळे ते दोन मॉनिटरसाठी आदर्श वाटते, आणि दोन जुने मॉनिटर जेमतेम चालवायचे असतील तर ते अजूनही कामाचे आहे. पण त्याचे केप्लर घराणे २०१२चे आहे. एनव्हिडियाने त्या घराण्याच्या ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची) नियमित सुधारणा २०२१मध्ये थांबवली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४पर्यंतच दिल्या. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. यूट्यूब ज्या व्हीपी९ पद्धतीने बरेच व्हिडिओ पाठवते, ते उलगडण्याची सोय या कार्डात नाही. सातव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या ऑनबोर्ड ग्राफिक्समध्ये ती आहे. परिणामी चांगल्या ऑनबोर्डच्या जागी हे कार्ड घातले, तर व्हिडिओचा सारा भार प्रोसेसरवर पडतो आणि कार्ड घालून संगणक मंदावला, अशी चमत्कारिक तक्रार ऐकू येते. ती तक्रार खरी असते.

जीटी ७३० त्याच्यापेक्षा थोडे महाग आणि फसवे आहे, कारण एकाच नावाखाली दोन घराण्यांची कार्डे विकली गेली. त्यांतल्या फर्मी घराण्याच्या कार्डावर तीन तोंडे असली तरी एका वेळी दोनच पडदे चालतात, आणि त्याच्या ड्रायव्हरची नियमित सुधारणा २०१८मध्येच थांबली. खोक्यावरून हा फरक सहज कळत नाही. मी ते घ्यायला कोणाला सांगत नाही.

जीटी १०३० हे २०१७चे कार्ड मात्र दोन पडद्यांसाठी अनेक वर्षे योग्य उत्तर होते आणि मर्यादित अर्थाने आजही आहे. ते ३० वॅट घेते, लो प्रोफाइल रूपात मिळते, ४के ६० हर्ट्झ देणारे एचडीएमआय २.० त्यावर असते आणि व्हीपी९ व एचईव्हीसी व्हिडिओ ते स्वतः उलगडते. दुसरे तोंड बहुतेक नमुन्यांवर डीव्हीआय-डी असते, काहींवर डिस्प्लेपोर्ट असते. शक्य असल्यास डिस्प्लेपोर्टवाले घ्यावे. या कार्डावर दोनच पडदे चालतात, तिसऱ्याची आशा नको. खरेदी करताना खोक्यावर जीडीडीआर५ लिहिले आहे ना, हे नीट वाचावे, कारण पुढच्याच वर्षी याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले. पहिल्याच्या मेमरीतून सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहते, दुसऱ्याच्या मेमरीतून १६.८ जीबी. दोघांचे नाव एक, किंमतही आसपासची. टॅलीला फरक कळणार नाही, पण फोटोंवर काम करणाऱ्याला नक्की कळेल. पास्कल घराण्यालाही आता उतार लागला आहे. नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले असून सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळतील, असे एनव्हिडियाने जाहीर केले आहे. म्हणून सहा-सात हजारांच्या वर देऊन हे नवे घेणे मला पटत नाही.

दहा हजारांच्या वर जाण्याची तयारी असेल तर तीन नावे समोर येतात. एएमडीचे आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचे, लो प्रोफाइल आणि एक एचडीएमआय व एक डिस्प्लेपोर्ट असलेले सुटसुटीत कार्ड आहे. त्यात व्हिडिओ तयार करण्याची, म्हणजे एन्कोडिंगची सोय मुळीच नाही, त्यामुळे पडद्याचे रेकॉर्डिंग करून ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांनी ते टाळावे. इंटेलच्या आर्क ए३१० आणि ए३८० मध्ये याच्या उलट परिस्थिती आहे. एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार उलगडण्याची आणि बनवण्याचीही सोय त्यांत आहे, आणि काही लो प्रोफाइल ए३१० कार्डांवर एक एचडीएमआय व दोन मिनी डिस्प्लेपोर्ट मिळतात. त्यांची अट अशी की मदरबोर्डात रिसाइझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सुविधा असावी. इंटेल त्यासाठी आपल्या दहाव्या पिढीचा वा रायझन ३००० मालिकेचा किंवा त्यांपुढचा संगणक सांगते. आठ-दहा वर्षे जुन्या यंत्रात आर्क घालण्याचा खटाटोप करू नये. ए३८० च्या काही नमुन्यांना स्लॉटखेरीज वेगळी वायर लागते, हेही तपासावे. तिसरे नाव जीटीएक्स १६५०. ४ जीबी, ७५ वॅट, सहसा तीन तोंडे. थोडा जुना गेमही अधूनमधून खेळायचा असेल तर हे घ्यावे, केवळ दोन पडद्यांसाठी ते मोठेच आहे.

माझी स्वतःची आवड मात्र या रांगेतली नाही. कार्यालयीन वर्कस्टेशनमधून निघालेली एनव्हिडियाची छोटी व्यावसायिक कार्डे सेकंडहँड बाजारात मिळतात, आणि ती मुळात अनेक पडद्यांसाठीच बनवलेली असतात. टी४०० या कार्डावर तीन मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत आणि ते ३० वॅट घेते. क्वाड्रो पी६२० वर असे चार पोर्ट असून ते ४० वॅट घेते. दोन्ही लो प्रोफाइल आहेत, एकाच घरात बसतात आणि फारसा आवाज करत नाहीत. टी४०० हे पास्कलनंतरच्या ट्युरिंग घराण्याचे असल्याने त्याचे ड्रायव्हर अजून चालू आहेत, पी६२० पास्कलचे आहे. सोबत मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय असे दोन जोड घ्यावे लागतात, त्यांचा खर्च भाव ठरवतानाच धरावा, कारण जोड नसलेले कार्ड घरी आणून त्याच्याकडे पाहत बसावे लागते.

सेकंडहँड घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे जुनी कार्डे हाताळून घेता येतात, हा ऑनलाइन जाहिरातीवरून घेण्यापेक्षा मोठा फायदा आहे. जाताना खिशात दोन केबल ठेवाव्यात. दुकानदाराला एकाच वेळी दोन मॉनिटर जोडून दाखवायला सांगावे आणि प्रत्येक पोर्ट आळीपाळीने तपासावा, कारण कार्ड चालू आहे पण एक पोर्ट मेलेला आहे, असा माल असतो आणि आपल्याला दोन्ही पोर्ट हवे आहेत. केबल घातल्यावर हलकेच हलवून पाहावी. चित्र गेले-आले तर पोर्टाचा टाका सैल आहे.

विलक्षण स्वस्त दिसणाऱ्या कार्डापासून सावध राहावे. पी१०६-१०० नावाचे एनव्हिडियाचे कार्ड जीटीएक्स १०६० सारखेच ताकदवान सांगितले जाते, पण ते क्रिप्टो मायनिंगसाठी (गणिते सोडवून आभासी चलन मिळवण्यासाठी) बनवलेले असल्याने त्याला मॉनिटर जोडण्याचे तोंडच नसते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत सोडली, त्यानंतर अशी आणि दिवसरात्र राबलेली इतर कार्डे बाजारात ओतली गेली. जीटीएक्स १०५० टीआय या नावाने विकली जाणारी काही कार्डे प्रत्यक्षात त्याहून पाच-सहा वर्षे जुनी असतात, त्यांच्या बायोसमध्ये (कार्डातल्या मूळ प्रोग्राममध्ये) केवळ नाव बदललेले असते. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर न्यावा आणि दुकानातच चालवून पाहावा. असे बनावट एनव्हिडिया कार्ड असल्यास तो नावाआधी तसे स्पष्ट लिहितो. नवे कार्ड घेताना जीएसटीचे पक्के बिल मागावे आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा, वॉरंटीच्या वेळी तोच आधार असतो.

बसवणे आणि जुळवणे

संगणक बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे आणि वायर काढून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. कार्ड सर्वांत वरच्या लांब स्लॉटात सरळ दाबून बसवावे. टोकाची खिटी टक असा आवाज करून लागली पाहिजे. पट्टीचा स्क्रू विसरू नये, कारण दोन जाड केबलींचे वजन कार्डाला खाली ओढत असते.

त्यानंतरची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे एक मॉनिटर कार्डाला आणि दुसरा सवयीने मदरबोर्डाला जोडणे. कार्ड बसल्यावर बहुतेक मदरबोर्ड ऑनबोर्ड ग्राफिक्स आपणहून बंद करतात, त्यामुळे दुसरा पडदा काळा राहतो आणि कार्ड बिघडलेले आहे असे वाटते. दोन्ही केबल कार्डालाच जोडाव्यात. कार्डावर एकच योग्य तोंड असेल आणि दोन्हींची मदत मुद्दाम घ्यायची असेल, तर मदरबोर्डाच्या बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तशाच नावाचा पर्याय चालू करावा लागतो. हाताशी एखादे जुने कार्ड आधीपासून असेल, तर नवे घेण्याआधी ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे.

विंडोज सुरू झाल्यावर कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. लिनक्स वापरणाऱ्यांना एएमडी व इंटेलच्या कार्डांसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, तो कर्नेलमध्येच असतो, आणि ही सोय निवडीच्या वेळीच लक्षात घ्यावी. मग विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून एक्स्टेंड निवडावे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन चौकोन दिसतात, ते टेबलावरच्या मॉनिटरांच्या क्रमाने ओढून ठेवावेत. हे केले नाही तर माऊस उजवीकडे नेऊनही डावीकडच्या पडद्यावर उगवतो. प्रत्येक पडद्याचे हर्ट्झ स्वतंत्रपणे तपासावेत, कारण ७५ किंवा १०० हर्ट्झचा मॉनिटरही पुष्कळदा ६० वरच पडून राहतो. लहान-मोठ्या आकाराच्या पडद्यांवर अक्षरे सारखी दिसावीत म्हणून स्केलची टक्केवारी वेगवेगळी ठेवता येते. मॉनिटरचा स्टँड फिरणारा असेल तर दुसरा पडदा उभा करून पाहावा. लांबलचक लेजर किंवा मजकुराची पाने त्यावर ज्या सुखाने वाचता येतात, ते सुख आडव्या पडद्यावर नाही. विंडोज, शिफ्ट आणि बाणाचे बटण एकत्र दाबले की उघडी खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाते, हे बोटांना एकदा शिकवून ठेवावे.

दोन मॉनिटरांचे हर्ट्झ फार भिन्न असतील, जसे एक ६० चा आणि दुसरा १४४ चा, तर काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगाने धावत राहते, कार्ड गरम होते आणि पंखा वाजत राहतो. कार्यालयीन कामात १४४ वाल्याला १२० किंवा ६० वर आणून पाहावे, आवाज बहुधा थांबतो.

शेवटी यूपीएस पाहावा लागतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा असतो आणि त्याच्या मागची सगळीच सॉकेटे बॅटरीवर चालतात असे नाही. काही नमुन्यांत एखादे सॉकेट केवळ वीज असताना चालते. संगणक आणि मुख्य मॉनिटर बॅटरीच्या सॉकेटांना जोडावेत आणि दुसरा मॉनिटर उरलेल्या सॉकेटाला किंवा थेट भिंतीला. चोवीस इंची मॉनिटर साधारण २०-२५ वॅट खातो, त्यामुळे वीज गेल्यावर दुसरा पडदा विझला तर बॅटरी थोडी अधिक टिकते. विंडोज त्या पडद्यावरच्या खिडक्या सहसा मुख्य पडद्यावर आणून ठेवते, आणि तेवढ्या वेळात टॅलीतली नोंद सेव्ह करून संगणक नीट बंद करता येतो.